लष्करी अळी म्हणजे नेमकी कोणती? पतंगांच्या नोंदी, नावं आणि वर्गवारीची माहिती

शहापूर / मुरबाड : पावसाळ्यात संध्याकाळी पडवीतला दिवा लावला की थोड्याच वेळात भिंतीवर पाखरं जमतात. पांढरी, पिवळी, मातकट, काही तर अगदी वाळल्या पानासारखी. आपण त्यांना सरसकट पाखरं म्हणतो आणि ताटात पडतात म्हणून दिवा घालवतो. शास्त्रात यातल्या बऱ्याच पाखरांना पतंग म्हणतात. त्यातले मोजके आपल्या भाताचे वैरी आहेत, बाकीच्यांचा पिकाला काही त्रास नाही. कोण वैरी आणि कोण नाही, हे कळायला आधी नावं माहीत पाहिजेत. जगभरातल्या पतंगांची यादी कशी तयार झाली आणि आपल्या शेतकऱ्याला तिचा काय उपयोग, ते या लेखात पाहू.

नाव चुकलं की काय होतं

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी लावणीनंतर माझ्या खाचरात भाताच्या पानांचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे दिसू लागले. पाहणारे म्हणाले, लष्करी अळी आहे, पाणी बांधून ठेव. मी बांध बंद करून पाणी तुंबवलं. आठ दिवसांत खालची दोन खाचरंही पांढरी पडली. नंतर कळलं की ती लष्करी नव्हतीच, सुरळीतील अळी होती.

ही अळी पानाचा तुकडा कापून त्याची सुरळी करते, आत बसते आणि सुरळीसकट पाण्यावर तरंगत दुसऱ्या चुडावर जाते. तिला जगायला पाणीच लागतं. तिच्यासाठी पिकावरून दोरी फिरवून सुरळ्या पाण्यात पाडतात आणि मग पाणी बाहेर काढून टाकतात. भातावरच्या लष्करी अळीचं याच्या उलट आहे. ती दिवसा चुडाच्या बुडाशी आणि ढेकळाखाली लपते, रात्री बाहेर येऊन खाते. तिच्यासाठी खाचरात पाणी बांधतात, म्हणजे अळ्या वर चढतात आणि पक्षी त्यांना टिपतात. एकीला पाणी सोडायचं, दुसरीला भरायचं. मी नावात चुकलो आणि किडीला स्वतःच्या हाताने वाट करून दिली.

पतंग आणि फुलपाखरू

दोघंही एकाच गणातले. या गणाला मराठीत खवलेपंखी म्हणतात, कारण पंखांवर बारीक खवले असतात. पाखरू हातात धरलं की बोटाला जी पूड लागते, ते हेच खवले. फुलपाखराच्या मिशांना टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. पतंग बहुतेक रात्री फिरतात, पण दिवसा उडणारेही आहेत. वंशावळ मांडली तर फुलपाखरं ही पतंगांच्याच झाडाची एक फांदी आहे, असं शास्त्रज्ञांना आढळलं आहे.

जगात आजवर नावं दिलेल्या पतंगांच्या जाती सुमारे १ लाख ६० हजार आहेत. फुलपाखरांच्या साधारण १८ हजार. भारतात पतंगांच्या १० हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत. नाव न मिळालेल्या अजून पुष्कळ असाव्यात, कारण दरवर्षी नवीन जाती सापडतच आहेत.

यादी कोणी केली?

सजीवांना दोन शब्दांचं शास्त्रीय नाव देण्याची पद्धत स्वीडनच्या लिनियस यांनी रूढ केली. १७५८ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथापासून प्राण्यांची नावं ग्राह्य धरतात.

आपल्याकडचं काम मुंबईतून बरंच पुढे गेलं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, तसे कर्नल चार्ल्स स्विन्हो हे लष्करी अधिकारीही होते. स्विन्हो यांनी १८८५ मध्ये मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवर लेख प्रसिद्ध केला. नंतर कोट्स यांच्यासोबत त्यांनी १८८७ ते १८८९ या काळात भारतातल्या पतंगांची सूची काढली.

त्यानंतरचं मोठं नाव जॉर्ज हॅम्पसन यांचं. ते निलगिरीत चहाचे मळेवाले होते. १८९२ ते १८९६ दरम्यान त्यांनी भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी अभ्यासक अजून ते खंड उघडतात.

भारतीय प्राणी सर्वेक्षण ही सरकारी संस्था १९१६ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे. उत्तर सह्याद्रीतल्या पतंगांची एक यादी २०११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. तिच्या लेखकांपैकी व्ही. शुभलक्ष्मी यांनी २०१८ मध्ये भारतीय पतंग ओळखण्याचं सचित्र पुस्तकही काढलं.

वर्गवारी कशी करतात?

पत्र टाकताना आपण राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वाडी लिहितो. पतंगाचा पत्ताही तसाच असतो. भाताच्या पिवळ्या खोडकिड्याचं उदाहरण घ्या :

- सृष्टी : प्राणी
- संघ : संधिपाद (सांधे असलेल्या पायांचे)
- वर्ग : कीटक
- गण : खवलेपंखी
- कुल : क्रँबिडी
- वंश : स्किर्पोफॅगा
- जाती : इन्सर्टुलास

शेवटचे दोन शब्द मिळून त्याचं नाव होतं, स्किर्पोफॅगा इन्सर्टुलास. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा नावासारखा. जपान असो की मुरबाड, नाव तेच.

नवीन जात जाहीर करताना एक पतंग वाळवून, टाचणीला लावून संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. पुढे वाद झाला तर त्याच्याशी ताडून पाहतात. जमिनीच्या भांडणात मोजणीचा मूळ नकाशा काढतात, तसं हे. पंखांवरच्या खुणा सारख्याच असतील तर पतंगाचे जननेंद्रियाचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये जनुकाच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याची पद्धत मांडली. तिला डीएनए बारकोड म्हणतात. पतंग ओळखायला आता तिचाही उपयोग होतो.

नावं बदलतात कशी?

खोडकिड्याला १८६३ साली वॉकर यांनी नाव दिलं तेव्हा तो कायलो इन्सर्टुलास होता. नंतर शोनोबियस झाला, मग ट्रायपोरायझा, आणि आता स्किर्पोफॅगा. आडनाव बदलत गेलं, नाव तेच राहिलं. सातबाऱ्यावर फेरफार होतो पण जुनी नोंद पुसत नाहीत, तसंच इथे जुनी नावं यादीत जपून ठेवतात. म्हणून शेतीच्या जुन्या पुस्तकात ट्रायपोरायझा दिसलं तर गोंधळू नका. कीड तीच आहे.

मराठीत मात्र उलटी अडचण आहे. तिथे एकाच नावाखाली अनेक किडी येतात. लष्करी अळी म्हटलं की यातली कुठलीही असू शकते :

- मिथिम्ना सेपराटा : भातावरची. पीक तयार होताना रात्रीत लोंब्या कुरतडते.
- स्पोडोप्टेरा मॉरिशिया : राबातल्या आणि नुकत्याच लावलेल्या रोपांवर झुंडीने येते.
- स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा : अमेरिकेतून आलेली, मुख्यतः मक्यावरची. भारतात मे २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी खूण असते, शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके असतात.

म्हणून दुकानात नुसतं 'लष्करीचं औषध द्या' म्हणू नये. पीक कोणतं, त्याचं वय किती, अळी दिवसा कुठे असते, हेही सांगावं.

कामगंध सापळ्यालाही हाच नियम लागू आहे. त्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, आणि तो वास त्या-त्या जातीच्या नराला ओढतो. खोडकिड्याची गोळी लावून पाने गुंडाळणाऱ्या अळीचा पतंग सापडणार नाही. सापळा रिकामा राहिला म्हणून शेतात कीड नाही, असं समजणं महागात पडतं.

भातावरचे पतंग : ओळख

*पिवळा खोडकिडा :* मादी पिवळी, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. पानाच्या शेंड्याकडे अंडी घालून ती मातकट केसांनी झाकते. अळी खोडात शिरते. रोप लहान असेल तर गाभा सुकतो, निसवताना आली तर लोंबी पांढरी होते आणि हाती पळींज लागतं. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडले तर अंडी तिथेच जातात. कापणीनंतर धसकटात अळ्या राहतात, म्हणून नांगरट करून धसकटं नष्ट करावीत.

*सुरळीतील अळी :* पतंग लहान, पांढरा, त्यावर तपकिरी ठिपके. पाण्यावर तरंगणाऱ्या सुरळ्या ही खात्रीची खूण.

*पाने गुंडाळणारी अळी :* पतंग सोनेरी पिवळसर, पंखांवर गडद नागमोडी रेघा. अळी पान दुमडून आतला हिरवा भाग खरवडते, पानावर पांढरे पट्टे पडतात.

खात्री नसेल तर अळी किंवा पतंग काडेपेटीत घालून सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे, आपल्याकडच्या भातासाठी तिथला सल्ला उपयोगी पडतो.

रानातले पतंग

तानसा अभयारण्य, माहुली, माळशेज, सिद्धगड हा आपला सगळा पट्टा पतंगांचा आहे. पावसाळ्यात सागाची पानं जाळी होतात, तेही एका पतंगाच्या अळीचं काम. झाड मात्र त्याने मरत नाही, पुन्हा फुटतं. ऐनाच्या फांदीला दांड्याने लोंबणारा कडक कोष दिसतो, तो टसर रेशमाच्या पतंगाचा. गडचिरोली-भंडाऱ्याकडे त्यावर लोकांचा रोजगार चालतो. तिळावर मोठी जाड अळी असते, तिच्या पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते आणि धरला तर तो चिरकतो. त्याला अपशकुनी समजून मारू नये.

पावसाळ्यात थाळीएवढा तांबूस पतंग दिसला की त्याचे फोटो मोबाईलवर फिरतात. तो अॅटलास पतंग. पंखांची टोकं सापाच्या तोंडासारखी दिसतात, पण तो विषारी नाही. मोठा झाल्यावर त्याला खाण्यासाठी तोंडच नसतं, अळी असताना साठवलेल्यावर थोडे दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या या पतंगाला शास्त्रज्ञ आता वेगळी जात मानतात. एवढ्या मोठ्या पतंगाची वर्गवारीही आजवर बदलते आहे, तर नखाएवढ्यांची काय कथा!

बाकीचे हजारो पतंग रात्री फुलांचं परागीभवन करतात, पक्ष्यांना आणि वटवाघळांना खाद्य होतात.

आपण काय करू शकतो?

अभ्यासक पांढरी चादर टांगून तिच्यावर बल्ब लावतात आणि येईल त्या पतंगाची नोंद घेतात. अमावस्येच्या आसपास जास्त येतात. २०१२ पासून जुलैच्या शेवटी जगभर पतंग सप्ताह पाळतात, तेव्हा आपल्याकडे ऐन लावणी असते आणि पतंगही भरपूर असतात. चादरीची सोय नसेल तर पडवीची भिंतही चालते.

१. पतंगाला हात न लावता वरून एक आणि बाजूने एक फोटो काढा.
२. तारीख, वेळ, गाव लिहून ठेवा. अळी असेल तर ती कोणत्या झाडावर होती, तेही लिहा.
३. आयनॅचरलिस्ट अॅपवर किंवा मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर फोटो देता येतो. मॉथ्स ऑफ इंडियाच्या कामात कृष्णमेघ कुंटे यांच्यासारखे मराठी अभ्यासकही आहेत.
४. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या पतंगाचं गावातलं नाव विचारा आणि तेही लिहा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांवर झाडाझुडपांची आणि किडामुंगीची नावं अजून तोंडी आहेत. ती कुठल्या खंडात लिहिलेली नाहीत, आणि सांगणारी माणसं गेली की नावंही जातील.

मी गेल्या पावसाळ्यापासून पडवीत एक वही टांगली आहे. खोडकिड्याची पिवळी मादी दिव्यावर ज्या रात्री पहिल्यांदा दिसते, ती तारीख तिच्यात लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाचरात जाऊन पानांचे शेंडे बघायचे, हे तेव्हाच ठरतं.