चढ, चिखल आणि चार चाके

दसरा-दिवाळीचा मुहूर्त साधून नवे वाहन दारात आणण्याची रीत आता खेडोपाडी चांगलीच रुजली आहे. पूर्वी बाजारात बैलाची पारख होई. दात मोजले जात, खूर उचलून पाहिले जात, चार पावले चालवून पाहिले जाई. आता पिकअपची पारख होते, आणि तीही बरीचशी छापील पत्रकावरून. आमच्या मावळात मात्र या पत्रकातील एका रकान्यापाशी भल्याभल्यांचे बोट अडते. तो रकाना असतो ‘फोर बाय फोर’चा, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या योजनेचा, आणि तिच्याबरोबर कारखान्यातूनच बसवून येणाऱ्या ‘ऑफ-रोड’ संचाचा. गाडी तीच, रंग तोच. पण या एका रकान्यापायी किंमत मात्र उडी मारते. ही उडी आपण मारावी की नाही?

मी यंत्रशास्त्री नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिण्याचा नाद असलेला साधा शाळामास्तर आहे. परंतु खेड्यात मास्तरांना काय विचारावे याला धरबंध नसतो. नाणे मावळातील माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी असेच एक पत्रक घेऊन आला. घरचे इंद्रायणी भात, शिवाय एका पॉलिहाऊसमध्ये गुलाब. डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंत तीनेक फर्लांगांची मातीची वाट, मध्ये एक ओहोळ. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक त्याच्या फुलांच्या एका हंगामाच्या उत्पन्नाइतका होता, आणि तोही कर्जातून उभा करायचा होता. म्हणाला, “गुरुजी, तुम्ही इतिहास शिकवलात, आता हा हिशेब तेवढा सांगा.”

मी म्हटले, “अरे, हा हिशेब इतिहासातच आहे. आपला बोरघाट हेच गणित कित्येक पिढ्या सोडवीत आला आहे.” तेच गणित आता वाचकांपुढे मांडतो.

घाट चढण्याचा पहिला मार्ग म्हणजे वाटेला साजेल असे जनावर निवडणे. कार्ले-भाज्याची लेणी कोरली गेली तेव्हापासून कोकणातील बंदरे आणि देशावरचे बाजार यांच्यातील मालाची ये-जा याच डोंगरातून चालत आली. चाक जेथे चालत नाही तेथे पाठ चालते. म्हणून पुढेही कित्येक शतके लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ घाटावर चढत राहिले. जनावरांतही भेद असतोच. माणदेशाकडचा खिलार बैल चपळ, देखणा. कोरड्या रस्त्यावर त्याच्याशी कोणी बरोबरी करू नये. पण अकोले-इगतपुरीकडच्या धो धो पावसात डांगी बैलच टिकतो. त्याची चाल संथ, परंतु खूर काळे, टणक, आणि कातडी तेलकट, पाणी न धरणारी. पत्री मारून खिलाराच्या खुराचे रक्षण करता येईल. त्याला डांगीची कातडी मात्र मागाहून चढवता येणार नाही. वाचकांनी हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आणि जनावर कितीही उत्तम असले तरी वाट निवडताना डोके ठिकाणावर हवे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरू लागला. फौज मोठी, सरंजाम भारी. पण उंबरखिंडीच्या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेत तो सरंजामच त्याच्या गळ्यात धोंडा झाला. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. दोन्ही अंगांना शिवाजीमहाराजांचे हलके, चपळ मावळे. अखेर सारे सामान तेथेच टाकून खानाला शरण यावे लागले. बळाच्या भरवशावर माणूस आत शिरतो; बाहेर कसे पडायचे याचा विचार त्याला आत गेल्यावर सुचतो. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीचीही हीच खोड आहे. साधी गाडी चिखलाच्या काठालाच रुतते. ही गाडी पार मध्यावर जाऊन रुतते.

दुसरा मार्ग म्हणजे जनावर बदलण्याऐवजी वाटच सुधारणे. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. पाठीवरचे ओझे चाकांवर आले. बैल तेच, डोंगर तोच. बदलली ती फक्त पायाखालची जमीन. आजही माझ्या पाहण्यात अशी कितीतरी शेते आहेत, की तेथील वाटेवर मुरुमाच्या काही खेपा आणि पाण्याला बाजूने चर एवढे केले तर साधी पिकअप बारा महिने सुखाने जाईल. शिवाय गाडी एकट्याची असते. वाट साऱ्या वाडीची होते.

तिसरा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. १८५६ साली रेल्वे खोपोलीला पोहोचली आणि १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आली. मधला घाट तेवढा राहिला. तोवर प्रवासी खंडाळ्याला उतरून पालखीने, तट्टावरून नाहीतर गाडीने खाली जात. एप्रिल १८६३ मध्ये हाही दुवा जुळला. जेम्स बर्कले हे त्याचे मुख्य अभियंते. सुमारे सोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट असा चढ! एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात राबत होते, आणि त्यांतले किती तरी परतलेच नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येताच वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते काम पुरे करून घेतले.

हा चढ एका इंजिनाच्या बळावर भरली आगगाडी चढत नाही. म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात. आपण फलाटावर वडा खात असतो, मुले पुढच्या बोगद्यांची मोजणी ठरवीत असतात, आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटीला जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती गाडी मागून रेटीत लोणावळ्यापर्यंत आणतात आणि तेथे सुटी होतात. हे जादा बळ गाडी सोलापूरपर्यंत मिरवीत नेत नाही. चढ असेल तेवढ्यापुरते ते उसने घ्यायचे आणि सपाटी आली की परत करायचे. शेजाऱ्याची बैलजोडी घाटापुरती पुढे जुंपणारा जुना गाडीवान हेच करीत असे, आणि रुतलेल्या पिकअपला दोर लावून ट्रॅक्टर बोलावणारा आजचा शेतकरीही हेच करतो.

चौथा मार्ग जीपबरोबर आला. १९४०-४१ साली अमेरिकेत युद्धासाठी घडवलेली ही लहानशी गाडी चाळिशीचे दशक संपता संपता मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जुळू लागली. नेहमीच्या दांड्याशेजारी तिच्यात आणखी दोन ठेंगण्या दांड्या असत. एक दांडी पुढच्या चाकांना जोर देई आणि दुसरी चाल मंदावून ओढ वाढवी. ओढलेली दांडी म्हणजे जोडलेला बँकर, सोडलेली दांडी म्हणजे सुटा केलेला बँकर. फरक इतकाच की हा बँकर कर्जतला उभा नसून सदैव गाडीच्या पोटात असतो. रेल्वेतही आता तसेच झाले आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मागच्या इंजिनावाचून बोरघाट चढते, कारण तिच्या निम्म्या डब्यांखालीच मोटारी बसवलेल्या आहेत. सोय खरी, पण पोटातल्या बँकराचे वजन गाडीला रोज वाहावे लागते, त्याचे तेल रोज जळते, आणि त्याची किंमत पहिल्याच दिवशी मोजावी लागते.

आता पत्रकाकडे वळू. महिंद्रांच्या बोलेरो कॅम्परमध्ये दोन चाकांची आणि चार चाकांची अशा दोन्ही तऱ्हा निघाल्या. २०१६ साली इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आली, आणि २०२२ साली टोयोटाची हायलक्स आली ती चारही चाकांना जोर घेऊन, मागच्या चाकांच्या कुलपासह. नावे निराळी असली तरी संचातल्या जिनसा बहुधा त्याच. त्यांची दोन गाठोडी करावीत: खिलाराला मागाहून मारता येणारी पत्री एकीकडे, आणि मागाहून न चढणारी डांगीची कातडी दुसरीकडे.

खोल नक्षीचे टायर, पोटाखालचा संरक्षक पत्रा, ओढून काढण्याचे आकडे, रुंद पायऱ्या आणि दारावरच्या रंगीत पट्ट्या ही सारी पत्री. ती आज ना उद्या बाजारात मिळते, आणि पुष्कळदा स्वस्त मिळते. पुढच्या चाकांचा जोर, मंद चालीचा गिअर आणि मागच्या चाकांचे कुलूप ही मात्र कातडी. कुलूप म्हणजे काय, तेही सांगतो. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असते. रस्त्यावर ते उपकारक. पण चिखलात तेच घात करते. एक चाक गाळात नुसते गरगरते आणि पक्क्या जमिनीवरचे दुसरे मख्ख उभे राहते. कुलूप लावले की दोन्ही एकजीव होऊन फिरतात. हे काम मागाहून करून घेणे खर्चाचे आणि कटकटीचे आहे.

या संचाबद्दल काही भोळ्या समजुतीही आहेत. चार चाकांना जोर असला की गाडी लवकर थांबते, ही त्यांतली सर्वांत घातक. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात! द्रुतगती मार्गाच्या ओल्या उतारावर हा संच कोणाला वाचवीत नाही. तेथे वाचवते ती बेताची चाल. दुसरे असे, की साध्या दांडीची ही जोडणी कोरड्या डांबरावर वापरायचीच नसते. वळणावर पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि यंत्रावर ताण येतो. तिसरी गोष्ट पत्रकात कधीच छापत नाहीत. संचाबरोबर गाडी उंच झाली की हौदाही उंच होतो, आणि प्रत्येक पोते तेवढे वर उचलावे लागते. ती किंमत मालक मोजत नाही. हमालाची कंबर मोजते.

एक घरगुती उपायही सांगून ठेवतो. पिकअपचे मागचे अंग रिकामे असताना हलके असते, म्हणून भरलेल्या गाडीपेक्षा रिकामीच पुष्कळदा आधी घसरते. मागच्या चाकांवर येतील अशी वाळूची चार पोती नीट बांधून टाकली तर चाके जमीन धरतात. भाताच्या पोत्यांना हे काम आपोआप जमते. फुलांच्या पेट्यांना जमत नाही.

एवढे सगळे ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे गुरुजी, घेऊ नये असेच ना?” मी त्याला उलट विचारले, “तुझ्या वाटेवर बँकर कोठे उभा असतो?”

तो गप्प झाला. मग त्याने सांगितले ते असे. वाडीत ट्रॅक्टर एकच, आणि लावणीच्या दिवसांत तो दिवसभर दुसऱ्यांच्या खाचरात असतो. दोन पावसाळ्यांमागे एका रात्री वाडीतल्या एका बाळंतिणीला घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी डांबरी रस्त्यापर्यंत नेले होते. गाडी होती, पण ती ओहोळाच्या अलीकडे रुतून बसली होती. बाई आणि मूल सुखरूप राहिली. “दर वेळी राहतीलच असे नाही,” एवढेच तो म्हणाला.

मग हिशेबाचा रंग पालटला. जी वस्तू वर्षातून चारदाच लागते तिची किंमत चार खेपांवर वाटून काढणे हे वाण्याचे गणित झाले. पण त्या चार खेपांत गाडीत कोण असेल, हे त्या गणितात बसत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तळेगावाकडे येता येता तो निम्म्याहूनही कमी होतो. तेव्हा एकाच तालुक्यात दोन शेजाऱ्यांची उत्तरे निराळी असली तर नवल नाही.

माझा निवाडा असा. डांबरी रस्त्यावरून मंडईला माल नेणाऱ्याने संच घेऊ नये. त्या पैशांत चांगले टायर घ्यावेत आणि उरलेले कर्जातून कमी करावेत. ज्याची कच्ची वाट थोडी आहे आणि शेजारी ट्रॅक्टर हाकेला ओ देतो, त्याने मुरूम टाकावा, दोर बाळगावा आणि शेजाऱ्याशी गोडीने राहावे. पण ज्याच्या वाटेवर उसने बळ मिळतच नाही, त्या वरच्या वाड्यांतल्या माणसाने चार चाकांची गाडी जरूर घ्यावी. जोर, मंद गिअर आणि कुलूप एवढे पाहावे, आणि पट्ट्या-पायऱ्यांच्या भरीला पडू नये. माझ्या विद्यार्थ्याने तेच केले, आणि ओहोळावर मोरी व्हावी म्हणून ग्रामपंचायतीत अर्जही दिला. मला गाडीपेक्षा त्या अर्जाचा आनंद अधिक झाला.

घाट हेच शिकवतो. बळ कोठून आणायचे हे प्रत्येकाने आपापल्या वाटेकडे पाहून ठरवावे. आणि ते आणल्यावरही वाट दुरुस्त करण्याचे काम सोडू नये. मोरी झाली म्हणजे ती दांडी ओढण्याची वेळ क्वचितच येईल. तशी ती न येवो, हीच या दिवाळीची शुभेच्छा.