फिरंगी : क्रुसेडमधून कोकणात आलेला शब्द

'फिरंगी' हा शब्द आपण मराठीत सहज वापरतो. गोऱ्या परदेशी माणसाला फिरंगी म्हणतो, इतिहासात पोर्तुगिजांना फिरंगी म्हणतो, एका जातीच्या सरळ तलवारीलाही फिरंग म्हणतो. हा शब्द क्रुसेडच्या रणांगणातून आपल्यापर्यंत आला आहे, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

१०९५ साली पोप दुसरा अर्बन याने फ्रान्समधील क्लेरमाँ येथे जेरुसलेम जिंकून घेण्याची हाक दिली. त्या फौजांत फ्रँक लोकांचा भरणा मोठा होता, म्हणून अरबांनी पश्चिमेकडून आलेल्या सगळ्यांनाच 'फरंज' म्हटले. फारसीत त्याचे 'फरंगी' झाले आणि दख्खनमध्ये 'फिरंगी'.

आज क्रुसेडचा विषय निघाला की दोन गोष्टी ऐकू येतात. एक म्हणते, ख्रिस्ती आणि मुसलमान यांचे वैर हजार वर्षांचे आहे, ते संपणारच नाही. दुसरी आपल्याच पोरांच्या मोबाईलवर फिरते. तिच्यात सलाहुद्दीनचा घोडा, तलवार आणि 'तसा एक पुन्हा हवा' हा सूर असतो. दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरतात, की त्या काळी दोन धर्म समोरासमोर दोन रांगांत उभे होते. हे खरे आहे का, हे तपासायला जेरुसलेमला जाण्याची गरज नाही. जामसंड्याहून देवगडच्या किनाऱ्यावर आलो की समोर जो समुद्र दिसतो, त्यानेही या युद्धाचा शेवटचा अंक पाहिला आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. कोकणातले मुसलमान क्रुसेडच्या आधीपासूनचे आहेत. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला. तिथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता, आणि मसूदीच्या सांगण्याप्रमाणे सुमारे दहा हजार मुसलमान तिथे नांदत होते. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. क्लेरमाँची हाक यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षे अवकाश होता.

१२९१ मध्ये अक्का शहर पडले आणि शाम देशातले क्रुसेडचे राज्य संपले. पण त्यामागचा विचार संपला नाही. जेरुसलेमसाठी लढणाऱ्या टेम्पलर पंथाची पोर्तुगालमधील मालमत्ता १३१९ मध्ये 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या नव्या पंथाकडे गेली. याच पंथाचा लाल क्रूस पुढे पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर आला. १४५२ मध्ये पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान व इतर गैरख्रिस्ती लोकांचे मुलूख जिंकण्याची आणि त्यांना गुलाम करण्याची लेखी मुभा दिली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, तेव्हा मिऱ्यांच्या व्यापाराबरोबर हे सगळे सामानही उतरले.

त्याचा अर्थ पुढच्या बारा वर्षांत कळला. १५०२ मध्ये गामाने मक्केहून परतणारे हाजींचे जहाज मलबारच्या किनाऱ्यावर पकडले आणि बायकामुलांसह जाळले. १५०८ च्या डिसेंबरअखेर आल्मेदाने दाभोळ बेचिराख केले. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता, त्याचा सूड दाभोळच्या लोकांवर निघाला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने गोवा घेतला आणि नंतर कित्येक दिवस मुसलमानांची कत्तल चालली. त्याने आपल्या राजाला हे पत्रातून अभिमानाने कळवले आहे. ही क्रुसेडचीच भाषा होती, त्यात शंका नको.

पण समोरची रांग पाहू. गोवा घेण्याचा सल्ला अल्बुकर्कला देणारा आणि सोबत लढणारा होनावरचा तिमोजा हिंदू होता. १५०९ मध्ये दीवला पोर्तुगिजांशी लढायला इजिप्तच्या ममलूक सुलतानाचे आरमार आले, त्याच्या बाजूने कालिकतच्या हिंदू सामुरी राजाची जहाजे होती. आणि या आरमाराला यश यावे अशी इच्छा युरोपातल्या व्हेनिसची होती. व्हेनिस ख्रिस्तीच, पण त्याचा मिऱ्यांचा धंदा इजिप्तमार्गे चाले.

पुढे मलबारच्या शेख जैनुद्दीन मखदूम यांनी 'तुहफतुल मुजाहिदीन' हा ग्रंथ लिहिला आणि तो विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केला. ग्रंथ पोर्तुगिजांविरुद्ध जिहादची हाक देणारा आहे. पण त्याच ग्रंथात ते सामुरीची मनापासून तारीफ करतात आणि मुसलमान सुलतान हातावर हात ठेवून बसल्याची तक्रार करतात. तक्रार खोटी नव्हती. विजापूरच्या गादीवर हक्क सांगणारा एक शहजादा आपल्या वाटेतून दूर राहावा, एवढ्यासाठी इब्राहिम आदिलशहाने १५४३ मध्ये बारदेस आणि साष्टी हे दोन महाल पोर्तुगिजांना देऊन टाकले. पोर्तुगिजांनी महालही ठेवले आणि शहजादाही गोव्यात ठेवला!

भरडली गेली ती साधी माणसे. पोर्तुगिजांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', घेतल्याशिवाय जहाज हाकारता येत नसे. अकबराच्या काळात काही उलेमांनी असे मत दिले की, हजची सागरी वाट धरायची तर मरियम आणि ईसा यांची चित्रे असलेला परवाना घ्यावा लागतो, म्हणून हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर हज फर्जच नाही. आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले, तेव्हा त्याची झळ मुख्यतः नवख्रिस्ती आणि हिंदूंना बसली. देवळे त्याआधीच पाडली जात होती. मशिदी पाडणारा हात देवळांशी थांबला नाही आणि बाटवलेल्यांनाही त्याने सोडले नाही.

सलाहुद्दीनबद्दलही पूर्ण सांगितले पाहिजे. १०९९ मध्ये क्रुसेडवाल्यांनी जेरुसलेमात रक्ताचे पाट वाहवले. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने ते परत घेतले तेव्हा कत्तल केली नाही, दंड घेऊन लोकांना जाऊ दिले. हे मोठेपण आहेच. पण ज्यांना दंड भरता आला नाही, त्यातले हजारो गुलाम झाले. त्याची आठवण काढायची तर तलवारीपेक्षा त्या दिवशी हात आवरल्याची काढावी, आणि उरलेले लपवू नये.

हे सगळे आज कशाला? आपल्याच जिल्ह्यात, मालवण-सावंतवाडीकडे, ख्रिस्ती शेजारी आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज गोव्यातून इकडे आले. अल्बुकर्कने जे केले, त्याचा जाब त्यांना विचारणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय आपल्याला चांगला ठाऊक आहे. कुठल्या तरी बादशहाचा हिशेब आपल्याला दर दोन-चार महिन्यांनी मागितला जातोच. तो मागणे चूक आहे असे आपण म्हणतो. मग तोच नियम फिरंग्यांनाही लावावा लागेल. कत्तल झाली हे नावानिशी, तारखेनिशी सांगावे. ती करणाऱ्याचा धर्म आजच्या शेजाऱ्याच्या दारावर चिकटवू नये.