आंबटाचं खातं

आमच्या शिरोड्यात मिठाला तोटा नाही. गाव मुळी मिठागरांचं. १९३० च्या मे महिन्यात मिठाच्या सत्याग्रहासाठी ठिकठिकाणची माणसं इथे जमली आणि चिमूटभर मिठापायी तुरुंगात गेली. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शाळेत मास्तर होते. म्हणजे खारट आणि साहित्यिक असे दोन्ही इतिहास गावाला आहेत. राहिला तो आंबटाचा. तो लिहायचं काम माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनावर आलं, कारण आंबटाने आमच्या घरात वीस वर्षं ठाण मांडलं होतं.

झालं असं, की परवाच्या चतुर्थीला मुंबईची आतेबहीण आली ती मोदकांआधी रंगीत कागदांची एक डबी घेऊन. कागद कशात बुडवायचा ते इथे सांगत नाही. वाचक जेवत असतील.

"दादा, तुझं शरीर अ‍ॅसिडिक झालंय," ती म्हणाली. "बांगडा बंद, भात कमी, आणि रोज सकाळी लिंबूपाणी."

"अगं, पण लिंबू आंबट असतं ना?"

"ते जिभेला. पोटात गेलं की अल्कली."

मी पडलो बी. कॉम. नावे टाकलेली रक्कम खतावणीत जमेला कशी गेली, हे कळेपर्यंत आम्हाला झोप लागत नाही. म्हणून चतुर्थीची सुट्टी मी या खात्याच्या तपासणीत घालवली.

या खात्याची पहिली नोंद सशांच्या नावावर आहे, बरं का! एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद बर्नार नावाचे मोठे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे बाजारातून आणलेल्या सशांचं मूत्र स्वच्छ आणि आम्लधर्मी निघालं. एरवी गवत खाणाऱ्या सशाचं ते गढूळ आणि अल्कधर्मी असतं. बर्नारसाहेबांनी ताडलं, की उपाशी ससे स्वतःच्याच अंगातलं मांस जाळताहेत. गवत घातलं, मूत्र अल्कधर्मी झालं. मग सशांना चक्क उकडलेलं मांस चारलं, ते पुन्हा आम्लधर्मी! थोडक्यात, खाण्याप्रमाणे मूत्र बदलतं, हे अगदी खरं.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी अन्न जाळून त्याची राख तपासली. मासे, मांस, धान्य यांची राख आम्लाच्या बाजूला गेली. फळं आणि भाज्यांची अल्कलीच्या. लिंबातलं आम्ल शरीरात जळून जातं आणि मागे अल्कली उरते. तेव्हा आतेबहिणीची नोंद अगदीच खोटी नव्हती. चूक झाली ती पुढल्या पानावर. राखेवरून लोकांनी थेट रक्ताचा ताळेबंद मांडला!

रक्ताचा हिशेब फार कडक असतो. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (होय, बिअरवालेच ते!) सोरेनसन यांनी आम्लता मोजायला 'पीएच' ही पट्टी दिली. सात म्हणजे ना आंबट ना अल्कली. माणसाचं रक्त ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये राहतं. आमच्या शाखेत पाच रुपयांचा फरक आला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो. रक्ताचा कॅशियर तर घरीच जात नाही. बायकार्बोनेट हा त्याचा राखीव निधी. फुप्फुसं कर्बवायू बाहेर टाकतात, मूत्रपिंडं जादा आम्ल गाळतात. मूत्र म्हणजे त्या दिवशी चुकत्या केलेल्या रकमेचं व्हाउचर. व्हाउचर आंबट निघालं म्हणजे बँक बुडाली असं नव्हे. काउंटर चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. काउंटरच बंद पडला, मूत्रपिंडं थकली किंवा मधुमेह हाताबाहेर गेला, तर रक्त खरंच आम्लाकडे झुकतं. पण तेव्हा इस्पितळ गाठायचं असतं, लिंबू पिळत बसायचं नसतं.

पोटाचं खातं मात्र वेगळं. तिथे मुद्दाम आम्ल ठेवलेलं असतं. ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे विल्यम प्राउट यांनी १८२४ साली दाखवलं. त्यातलं क्लोराइड येतं मिठातून. म्हणजे आम्ही शिरोडकर जगाला नुसतं मीठ पुरवत नव्हतो, पोटातल्या आम्लाचा कच्चा मालही पुरवत होतो!

इथवर ठीक होतं. पण या पोटाशी आमची जुनी देणीघेणी आहेत.

बाबांना अल्सर होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी आंबट-तिखट बंद केलं, दर दोन तासांनी दूध सांगितलं. जळजळ वाढली की बाबा खायचा सोडा घेत. (पिंपळी, क्षार आणि मीठ अति खाऊ नये, असं चरकसंहितेत लिहिलंय, पण आमच्या घरी चरक कोण वाचतो!) शेजाऱ्यांकडे जेवायला गेले तरी बाबा पानातली वाटी पालथी घालत. सोलकढीची आठवण होऊ नये म्हणून. असं वीस वर्षं. १९९९ साली ते हृदयविकाराने गेले, तोवर वाटी पालथीच होती.

तिकडे ऑस्ट्रेलियात पर्थला वॉरन आणि मार्शल या दोघांना १९८२ सालीच अल्सरवाल्यांच्या पोटात एक नागमोडी जंतू सापडला होता. कोणी ऐकेना, म्हणून मार्शल १९८४ साली तो जंतू स्वतःच प्याले आणि आजारी पडले. बहुतेक अल्सर या जंतूमुळे होतात, काही वेदनाशामक गोळ्यांमुळे. आंबटाने एखाद्याला जळजळ वाढेल, पण अल्सर त्याने होत नाही. जंतूवर काही दिवसांची औषधं पुरतात. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. बातमी पर्थहून आमच्या स्वयंपाकघरात पोचेतो बाबांचं खातं बंद झालं होतं.

हे सगळं मी आतेबहिणीला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली.

"भाज्या मात्र खाव्यात," ती म्हणाली.

"खाव्यातच. राखेसाठी नव्हे, भाज्यांसाठी."

मग तिने शेवटचा कागद सोलकढीत बुडवला. लालभडक! तो बाजूला ठेवून तिने दोन वाट्या सोलकढी प्यायली.

पुढे महाळाच्या दिवशी आईने बाबांच्या पानावर द्रोण ठेवला. त्यात सोलकढी.

"आई, पथ्य?" मी विचारलं.

"आता कसला पथ्य?" आई म्हणाली. "तेंका आवडायची."

कावळा जरा उशिराच आला. पण आधी द्रोणाकडेच गेला.