शाळेची जन्मतारीख

शाळेचा इतिहास लिहावयास बसणारा प्रथम स्थापनेचे साल शोधतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात फार्मव्हिल गावी प्रिन्स एडवर्ड अ‍ॅकॅडमी निघाली १९५९ साली. पण गोरी व कृष्णवर्णीय मुले एकत्र बसवा, या न्यायालयाच्या हुकुमावर त्या जिल्ह्याने सर्व सरकारी शाळांना कुलुपे ठोकली तीही त्याच साली! गोऱ्यांना अ‍ॅकॅडमी मिळाली. बहुतेक कृष्णवर्णीय मुलांना १९६३ पर्यंत शाळाच उरली नाही. अ‍ॅकॅडमीची करसवलत १९७८ साली गेली. कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला १९८६ साली. संशोधकाने तिचे दप्तर जरूर चाळावे. मात्र ज्यांची नावे तेव्हा कोणत्याच पटावर नव्हती, ती मुले आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे अगोदर जावे.