पायलट 'अनफिट' का ठरतो?

दिघ्यातून बोलतोय. 11 ऑक्टोबर 2024 ला आपल्या नवी मुंबई विमानतळाच्या रनवेवर हवाई दलाचं सी-295 उतरलं, तेव्हा सगळ्यांनी व्हिडिओ शेअर केले. विमान सगळ्यांनी पाहिलं. आज बोलूया ते चालवणाऱ्याच्या हृदयाबद्दल.

सुरुवात अमेरिकेतून. डीक स्लेटन दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर उडवायचा, नंतर हवाई दलात टेस्ट पायलट झाला. 1959 मध्ये नासाने निवडलेल्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी तो एक. त्याच वर्षी ट्रेनिंगमध्ये कळलं, की त्याच्या हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित होतात. त्याला त्रास काहीच नव्हता. तरीही मार्च 1962 मध्ये, उड्डाणाला दोनच महिने उरले असताना, त्याचं नाव काढलं.

एवढी कडक शिक्षा का? कारण पायलटला तपासणाऱ्या डॉक्टरचा प्रश्न वेगळा असतो: हा माणूस उडताना अचानक बेशुद्ध पडेल का? लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा रक्त पायांकडे खेचलं जातं, मेंदूला कमी पडतं. तेव्हाच हृदयाने दगा दिला, तर एकट्या पायलटच्या जागी दांडा धरायला कुणी नसतं.

पण धोका नक्की किती, हे ठरवायला वर्षानुवर्षांची माहिती लागते. कॅनडात 1948 पासून युद्धकाळातल्या हवाई दलातल्या 3,983 पुरुषांचा असा अभ्यास सुरू झाला. तेव्हा ते धडधाकट होते. पुढे कुणाला हृदयविकार झाला आणि त्याआधी ईसीजी काय सांगत होता, हे त्यातून ताडून बघता आलं. आपल्याकडे 1957 मध्ये बेंगळुरूला हवाई दलाची वैमानिकी वैद्यक संस्था उभी राहिली.

स्लेटनने सिगारेट सोडली, नासातच काम करत राहिला. 1972 मध्ये पुन्हा फिट ठरला आणि जुलै 1975 मध्ये, 51 व्या वर्षी, अंतराळात गेला.

आता आपला माणूस. विंग कमांडर दीपक साठे, कुटुंब नागपूरचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलात असताना विमान अपघातात त्यांच्या डोक्याला जबर मार लागला. नातेवाईकांनी सांगितलंय, की सहा महिने ते हॉस्पिटलमध्ये होते. पुन्हा उडतील असं कुणालाच वाटत नव्हतं. ते मेडिकल पास होऊन परत उडाले.

7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला उतरताना त्यांचं प्रवासी विमान रनवेबाहेर गेलं. दोन्ही पायलटांसह 21 जण गेले. 2021 च्या सरकारी तपास अहवालाने मुख्य कारण म्हणून उतरतानाच्या नियमांचं पालन न होणं सांगितलं. शिवाय, डॉक्टरांनी न लिहून दिलेली मधुमेहाची औषधं ते घेत होते आणि त्यांचा निर्णयक्षमतेवर परिणाम झाला असण्याची शक्यताही नोंदवली. शक्यता, पुरावा नव्हे.

ते का घेत होते, यावर आपण निकाल द्यायला नको. पण ज्या कामात एक शेरा रोजीरोटी बंद करू शकतो, तिथे दुखणं लपवण्याचा मोह कुणालाही होईल. स्लेटनचा आजार सगळ्यांना माहीत होता, म्हणूनच त्याला परतीची वाट मिळाली. नियम कडक हवाच, पण खरं बोलणाऱ्याला परत येण्याची आशाही हवी.

तुमच्या ऑफिसच्या हेल्थ चेकअपच्या फॉर्मवर तुम्ही सगळं खरं लिहिता का? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला.