काठावरचा धातू

साहित्याच्या अध्यापकांनी अतिसंवाहकतेच्या इतिहासात कशाला डोकवावे, असे वाचकांना वाटेल. आम्हांला मात्र त्यात एका हळवेपणाची कहाणी दिसली.

१९११ मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत ४.२ केल्विनच्या सुमारास पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. त्या कड्याच्या ऐन काठावर धातू ठेवला, तर उष्णतेचा लेशही रोधात मोठा फरक घडवतो. १९४०च्या दशकात डोनल्ड अँड्र्यूज यांनी असे संवेदक बनवलेही. पण काठावर टिकणे अवघड. प्रवाह स्थिर ठेवला की रोधासोबत उष्णता वाढे आणि धातू काठ सोडून जाई. पुढे १९९५ मध्ये केंट अर्विन यांनी प्रवाहाऐवजी व्होल्टेज स्थिर ठेवले. आता रोध वाढला की प्रवाह घटतो, उष्णता उतरते, धातू आपणहून जागेवर येतो. इतक्या साध्या उपायाला अर्धशतक लागावे! (तो क्षीण प्रवाह मोजणारी ‘स्क्विड’ ही साधने आधी नव्हती, हेही खरेच.)

अरुंधती केश समूहातील दीर्घिकांच्या वेगावरून फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये ताडलेले कृष्णद्रव्य याच काठावर शोधले जात आहे. इटलीत ग्रान सास्सो पर्वताखालच्या ‘क्रेस्ट’ प्रयोगाने स्फटिकांवर टंगस्टनचे असे संवेदक बसवले; हलक्या कणाच्या धक्क्याने स्फटिक किंचित तापावा, ही अपेक्षा. कण अद्याप सापडलेला नाही. कमी ऊर्जेच्या अनाहूत नोंदी मात्र पुष्कळ येतात. स्फटिकातील ताण सैलावणे हे त्यांचे एक संभाव्य कारण मानले जाते. म्हणजे संवेदकाला आता आपल्याच घराची कुरकुर ऐकू येते, आणि पाहुण्याची चाहूल तीतून वेगळी कशी काढावी, हे अजून कोणालाच नीट उमगलेले नाही.