रिकाम्या तोंडाचा हिशेब

माझे शिक्षण गिरणीच्या फाटकाबाहेर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले; तेव्हा गणित मला विचारू नका. मी सांगणार आहे ती एका वादाची हकीकत, आणि वादात माझी हयात गेली आहे.

आइन्स्टाइनने १९१६ साली गुरुत्वतरंगांचे भाकीत केले. असा तरंग आला की अवकाश एका दिशेने किंचित ताणले जाते व तिच्या काटकोनात आकसते. ते मोजायचे तर प्रकाशाचा झोत अर्धपारदर्शक आरशावर दुभागायचा, दोन काटकोनी बाहूंत धाडायचा आणि टोकाच्या आरशांवरून परत आणून जुळवून पाहायचा. युक्ती जुनीच, मायकेलसनची.

पण प्रकाश कणाकणाने येतो. त्याचा आरशांवरचा मारा कमीजास्त झाला तर आरसेच हलतील आणि तरंग त्यात हरवेल. यावर वाद माजला. एक पक्ष म्हणे, झोत निम्मानिम्मा वाटला, म्हणजे त्यातला चढउतार दोन्हीकडे सारखाच. फरकात तो दिसणार कसा? १९८० साली कार्लटन केव्ह्ज यांनी दाखविले की, दुभागणाऱ्या आरशाला दोन तोंडे असतात. एकातून आपण प्रकाश सोडतो. दुसऱ्यातून काहीच सोडत नाही, म्हणून त्याचा हिशेबच राहिला होता. पुंजसिद्धांताप्रमाणे निर्वात पोकळीतही प्रकाशक्षेत्राची किमान थरथर उरतेच. ती या रिकाम्या तोंडातून आत शिरते आणि एका बाहूतला मारा वाढवून दुसऱ्यातला घटविते. हरलेल्या पक्षाला मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांची बेरीज बरोबर होती, एक खाते उघडायचे राहिले होते.

पुढच्याच वर्षी केव्ह्ज यांनी तोडही सुचविली. ही थरथर बंद करता येत नाही, पण पिळता येते. लहरीची उंची आणि लहरीची वेळ या जोडीपैकी एकीतली अनिश्चितता घटविली की दुसरीतली वाढते. जी मोजायची तिच्यातली घटवावी, दुसरीतली सोसावी. आमच्या वाटाघाटी तरी याहून काय निराळ्या असतात!

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या चार-चार किलोमीटरांच्या बाहूंनी पहिला तरंग टिपला, तो या उपायावाचूनच. २०१९पासून तेथील दोन्ही वेधशाळांच्या रिकाम्या तोंडांतून पिळलेली पोकळी सोडू लागले. त्यामुळे तरंग सापडण्याचे अपेक्षित प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढले. २०२० साली तर प्रकाशाच्या या पुंज-थरथरीने ४० किलो वजनाचे आरसे हलतात, हेही मोजून दाखविले.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. तेथेही ते दुसरे तोंड असणारच.